पंप घेऊनही धाप बसत नाही? औषध कुठे अडतंय ते आधी शोधा

बडोद्यात पहिला जोराचा पाऊस झाला की दम्याच्या रुग्णांची ही तक्रार ठरलेली. 'पंप घेतो, पण पूर्वीसारखा लागू पडत नाही.' दिवाळीच्या धुरात ती परत येते आणि उत्तरायणाला (संक्रांतीला) पतंगांसाठी दोन दिवस गच्चीवर काढले की पुन्हा. दर वेळी डोस वाढतो किंवा कंपनी बदलते, काही दिवस बरे जातात आणि गाडी मूळ पदावर. औषध खरंच कमी पडतंय असंही असू शकतं. पण त्याआधी ते छातीत पोचतंय का, हे तपासलेलं नसतं. श्वासातून घ्यायचं औषध चार ठिकाणी हरवतं: उपकरणात, हवेत, घशात आणि पोटात. तुमचं कुठे हरवतंय ते कळलं की निम्मं काम झालं.

आत्ता दम लागलेला असेल तर

बाकीचं नंतर वाचा. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, किंवा माणूस गुंगीत जात असेल तर १०८ लावा. छातीतली शिट्टी अचानक बंद झाली पण धाप तशीच आहे, हे बरं होण्याचं लक्षण नाही. हवा आत-बाहेर होणंच कमी झालंय असा त्याचा अर्थ. रुग्णाला आडवं करू नका, टेकून बसवा. गाडी येईपर्यंत सालब्युटामॉलचा (श्वासनळ्या झटपट उघडणाऱ्या औषधाचा) पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या पोकळ नळकांड्यातून) एक-एक पफ, म्हणजे एकदा दाबल्यावर येणारा फवारा, असा द्यायचा, ४ ते १० पफपर्यंत. पहिल्या तासात दर २० मिनिटांनी हे पुन्हा देता येतं. डॉक्टरांनी आकडा लिहून दिला असेल तर तोच पाळा.

फवारा की भुकटी?

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. फवाऱ्याच्या पंपात, म्हणजे धातूचा डबा दाबल्यावर फस्सकन उडतो त्यात, औषध बाहेर ढकलण्याचं काम दाबाखालचा वायू करतो. औषध आधीच वेगात असतं, त्यामुळे तुमचा श्वास सावकाश आणि खोल हवा, मोठ्या माणसाचा ४-५ सेकंदांचा. भुकटीच्या उपकरणात असा वायू नसतो. रोटाहेलर, रेव्होलायझर, ॲक्युहेलर, टर्ब्युहेलर ही सगळी त्यातलीच. भुकटीचे कण फोडून, उडवून आत न्यायचं सगळं काम तुमच्या श्वासाचं, म्हणून तो पहिल्या क्षणापासून जोरात हवा.

घरात दोन्ही प्रकार असले, किंवा डॉक्टरांनी एकावरून दुसऱ्यावर नेलं, की हात नव्याला सरावतो, श्वास मात्र जुन्याच सवयीने घेतला जातो. फवारा जोरात ओढला तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच बसतं. भुकटी हळू ओढली तर ती उपकरणातच राहते, किंवा गोळ्या-गोळ्यांनी जिभेवर पडते. 'कंपनी बदलल्यापासून गुण येत नाही' म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, की कंपनी बदलली की उपकरण?

फवाऱ्याचा पंप

आरशासमोर उभे राहा आणि नेहमीसारखा एक पफ घ्या. तोंडाच्या कोपऱ्यातून, पंपाच्या वरच्या फटीतून किंवा नाकातून पांढरी वाफ दिसली, तर तेवढं औषध वाया गेलं. कारणं दोनच. एकतर दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नाही, किंवा ओठ घट्ट मिटत नाहीत. श्वास ओढायला सुरुवात केल्याबरोबर दाबायचं आणि ओढतच राहायचं. दाबून मग ओढलं तर उशीर होतो, अर्धा श्वास झाल्यावर दाबलं तर औषध खालपर्यंत जात नाही. थंड फवारा घशाला लागला की बरेच जण दचकून श्वास थांबवतात. त्यांना कितीही शिकवलं तरी ते होतंच, तेव्हा स्पेसर घेणं बरं.

क्रम असा: टोपी काढून पंपाच्या तोंडात काही अडकलंय का ते बघा. चार-पाच वेळा चांगला हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ मिटा, ओढायला लागताच एकदा दाबा, सावकाश भरून घ्या, १० सेकंद रोखा. दुसरा पफ ३० सेकंद ते मिनिटभराने, पुन्हा हलवून. एका श्वासात दोनदा दाबणं म्हणजे दोन पफ नव्हेत. एकावर एक आलेले फवारे हवेतच एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि घशात बसतात.

हलवायचं का, तर बहुतेक पंपांत औषध विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं आणि उभं ठेवलं की खाली बसतं. न हलवता दाबलं तर एक पफ जास्त औषधाचा, दुसरा जवळजवळ नुसत्या वायूचा. नवा पंप असेल किंवा आठवडाभर पडून असेल तर आधी २ ते ४ पफ हवेत सोडायचे. नेमके किती, ते आतल्या कागदावर असतं. तो कागद फेकू नका.

आता पंपाचं तोंड उजेडात धरा. आत, जिथून फवारा येतो त्या बारीक भोकाभोवती पांढरी खपली दिसते का? साखरेचा पाक वाळल्यासारखी. सालब्युटामॉलच्या पंपात ती हमखास साठते, फवारा तिरपा पडतो किंवा अर्धाच येतो. धातूचा डबा उपसून बाजूला ठेवा. प्लास्टिकचा भाग कोमट पाण्याच्या धारेखाली दोन्ही बाजूंनी अर्धा मिनिट धरा, पाणी झटका आणि रात्रभर वाळू द्या. आठवड्यातून एकदा एवढं पुरतं. भोकात टाचणी घालू नका. भोक रुंदावलं की थेंब मोठे होतात आणि ते छातीत उतरत नाहीत.

डबा पाण्यात टाकून तरंगतो का बघायची युक्ती जुनी आहे आणि चुकीची आहे. पाणी झडपेत शिरतं आणि काहीच नक्की कळत नाही. हलवून आवाज ऐकण्याचंही तसंच. २०० पफचा डबा २०० नंतरही फसफसतो, कारण वायू थोडा जास्त भरलेला असतो. औषधाचं माप मात्र तिथून पुढे भरवशाचं नाही. आकडा दाखवणारा पंप मिळत असेल तर तोच मागा. नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा. दिवसाला ठरलेले ४ पफ असतील तर २०० चा डबा ५० दिवसांचा, कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पंप ठेवू नका. सांभाळायची मर्यादा साधारण ३० अंशांची असते, आणि ५० च्या वर डबा फुटायची भीती.

स्पेसर लहान मुलांसाठीच, हा गैरसमज

चांगलं तंत्र असलेल्याच्याही फुप्फुसात नुसत्या पंपातलं १० ते २० टक्केच औषध उतरतं. उरलेलं बहुतांश तोंडात-घशात, आणि तिथून पोटात. स्पेसर मधे आला की फवाऱ्याचा वेग कमी होतो, मोठे थेंब स्पेसरच्या भिंतीवर बसतात, बारीक तेवढे आत येतात. आणि दाबणं-ओढणं एका क्षणी जुळवायची कटकट संपते. स्टेरॉइडच्या (आतली सूज कमी करणाऱ्या रोजच्या औषधाच्या) पंपाला तर स्पेसर हवाच, म्हणजे तोंड येणं आणि आवाज बसणं कमी होतं. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही.

यातही काय चुकतं बघा. तीन-चार पफ एकदम भरून मग ओढणं. पफ सोडून गप्पा मारणं. औषध काही सेकंदांतच भिंतींवर बसतं, तेव्हा एक पफ आणि लगेच श्वास. मोठ्यांनी एक सावकाश खोल श्वास घेऊन १० सेकंद रोखायचं, किंवा तोंड न काढता शांतपणे ५-६ श्वास. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाला मास्क लागतो आणि तो नाक-तोंडावर चपखल बसला पाहिजे. बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली तरी बरंच औषध बाहेर. मूल झोपलेलं असताना हळूच लावून द्यावं असं आईला वाटतं, पण मास्क टेकला की ते जागं होतं आणि रडतं. रडणाऱ्या मुलाच्या छातीत फारच थोडं जातं. मांडीवर बसवून, आधी नुसत्या मास्कशी खेळू देऊन सवय लावा.

स्पेसर धुताना बहुतेकांचा हात चुकतो. नवं प्लास्टिक, किंवा फडक्याने घासून पुसलेलं प्लास्टिक, विजेने भारलं जातं. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलतो ना, तेच. औषधाचे कण मग भिंतींना चिकटतात. म्हणून महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाकून त्यात बुडवायचा, तोंडाकडचा भाग तेवढा साध्या पाण्याने धुवायचा, बाकी न पुसता आपोआप निथळू द्यायचा. साबणाचा तो पातळ थर भार धरू देत नाही. झडप वाकडी झाली, चिकटली, किंवा प्लास्टिकला तडा गेला की बदला. एरवीही ६ ते १२ महिन्यांत नवा घ्यावाच.

स्पेसर घरी राहिला आणि धाप प्रवासात लागली, तर अर्ध्या लिटरची कोरडी प्लास्टिकची बाटली चालते. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून पंप घट्ट बसवा, बाटलीचं तोंड ओठांत धरा. दिसायला जुगाड, पण उपयोगाचा.

रोटाहेलर: बडोद्याच्या पावसाळ्यातला खरा गुन्हेगार

आपल्याकडे भुकटीची कॅप्सूल खूप चालते, स्वस्त आहे आणि दाबण्या-ओढण्याचा मेळ लागत नाही. तिच्या चुका मात्र तिच्या स्वतःच्या.

पहिली सांगायला संकोच वाटतो, पण घडते: कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली जाते. दिसायला ती तापाच्या कॅप्सूलसारखीच. घरात नवं औषध आलं की आजोबांना एकदा नीट सांगा, 'आजोबा, ही गिळायची नाही, या नळीत घालून ओढायची.' आणि डबी रोजच्या गोळ्यांच्या डब्यापासून लांब ठेवा.

दुसरी, कॅप्सूल उलटी घालणं. पारदर्शक टोक खाली, चौकोनी भोकात; रंगीत टोक वरच्या कडेच्या पातळीला येईपर्यंत दाबायचं. मग बूड जाईल तिथपर्यंत पूर्ण फिरवायचं, म्हणजे कॅप्सूलचे दोन भाग सुटतात आणि भुकटी आत पडते. अर्धवट फिरवलं तर कॅप्सूल बंदच, आणि तुम्ही नुसती हवा ओढता. फिरवल्यावर हलकेच हलवून सुटा खडखडाट येतो का ऐका. श्वास बाजूला सोडा, दातांमध्ये नळी धरून ओठ मिटा, मान किंचित मागे, आणि एकदम जोरात, खोलवर ओढा. १० सेकंद रोखा. उघडून बघा, भुकटी उरली असेल तर परत ओढा.

आता पाऊस. जुलैत दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हाताला ओलसर लागतात, पोळांमधल्या (जुन्या अरुंद गल्ल्यांमधल्या) तळमजल्याच्या खोल्यांत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत कॅप्सूलची डबी झाकण अर्धवट लावून राहिली, की दोन गोष्टी होतात. जिलेटिनचं कवच मऊ पडतं आणि नीट सुटत नाही. कॅप्सूल फिरवून सोडण्याऐवजी टोचणाऱ्या उपकरणात पडलेलं भोक दबून बसतं. आणि आतली भुकटी ओल धरते. वापरलेली कॅप्सूल काळ्या कागदावर झटकून बघा. कोरडी भुकटी पिठासारखी पसरते, ओल धरलेली मोहरीएवढ्या खड्यांनी पडते किंवा कवचाला आतून चिकटून राहते. ते खडे कितीही जोर लावला तरी छातीपर्यंत जात नाहीत. जिभेवर गोड चव लागते. ती औषधाची नव्हे, त्यात मिसळलेल्या लॅक्टोजची. तोंड गोड झालं म्हणून औषध पोचलं असं समजू नका. सगळी चव तोंडातच राहिली तर उलटच शंका घ्या.

उपाय साधे आहेत. कॅप्सूल मूळ डबीतच ठेवा, झाकण पक्कं लावा, आत ओल शोषणारी पुडी असेल तर फेकू नका. आठवड्याच्या कॅप्सूल काढून खिशातल्या डबीत भरून ठेवू नका. मोरीजवळच्या किंवा गॅसवरच्या फडताळात नको, आणि फ्रिजमध्ये तर नकोच. बाहेर काढल्यावर थंड डबीच्या आत दव धरतं. रोटाहेलरमध्ये श्वास सोडू नका, एका फुंकेची वाफही भुकटी चिकटायला पुरे. दर आठवड्याला तो सुटा करून धुवा, पण पावसात तो रात्रभरातही वाळत नाही, म्हणून दोन रोटाहेलर ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. हा एवढा एक बदल कित्येकांच्या जुलै-ऑगस्टच्या तक्रारी मिटवतो.

मे महिन्यात उलटा त्रास. कोरड्या उन्हात कवच ठिसूळ होतं आणि फिरवताना त्याचे तुकडे पडतात. आतली जाळी त्यांना अडवते, म्हणून जाळी फाटलेला रोटाहेलर वापरू नका.

विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं होतं, ऑगस्ट २०२४ सारखं, तर भिजलेलं काहीही वाळवून वापरू नका, कॅप्सूल असोत की पंप. आणि त्यानंतर भिंतींवर आलेली काळी बुरशी हे स्वतःच दम्याचं कारण आहे. तिथे उपकरण बदलून भागणार नाही, भिंत घासून कोरडी करावी लागेल आणि ते काम दम्याच्या माणसाने करू नये.

बाकीची भुकटीची उपकरणं

टर्ब्युहेलर हलवल्यावर येणारा आवाज औषधाचा नसतो, आतल्या ओल शोषणाऱ्या पदार्थाचा असतो. रिकामं झाल्यावरही तो येतच राहतो, म्हणून आकडा बघा. डोस भरताना उभं धरा. ॲक्युहेलरची कळ खेळल्यासारखी पुन्हा पुन्हा ओढली तर डोस वाया जातात. दोन्ही पाण्याने धुवायची नाहीत, कोरड्या फडक्याने त्यांचं तोंड पुसायचं.

पाच वर्षांखालची मुलं, खूप थकलेले वृद्ध, आणि जोराचा दम लागलेला कोणीही, यांच्या श्वासात भुकटी उडवण्याइतकी ताकद भरवशाची नसते. रोज रोटाहेलर घेणाऱ्यानेही अडीनडीला फवारा आणि स्पेसर घरात ठेवावा तो यासाठी.

'मशीन लावलं की बरं वाटतं'

नेब्युलायझरवर, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या मशीनवर, लोकांचा विश्वास फार. त्यातलं बरंचसं श्रेय डोसाला जातं. सालब्युटामॉलची एक रेस्प्यूल (मशीनमध्ये ओतायच्या औषधाची छोटी कुपी) २.५ मिलिग्रॅमची, तर पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे उपकरणात घातलेलं औषध २५ पफांएवढं. त्यातलं बरंच वाफेबरोबर खोलीत जातं आणि कपात उरतं, म्हणून दोन्हींतून छातीत उतरतं त्यात एवढा फरक राहत नाही. जीवावर बेतलेला झटका सोडला तर स्पेसरमधून नीट दिलेले ४ ते १० पफ मशीनइतकंच काम करतात, लवकर होतात, हात कमी थरथरतात. शिवाय वादळात वीज गेली तरी स्पेसर चालतो.

मशीनची वाफ पातळ येत असेल तर या क्रमाने बघा: फिल्टर काळा पडलाय का, नळी टोकांना सैल आहे का, कपातलं छोटं भोक चोंदलंय का, कप तिरपा धरलाय का. औषध एकूण ३-४ मिली असावं. त्याहून फार कमी असेल तर बरंचसं कपाला चिकटूनच राहतं. ५ ते १० मिनिटांत संपायला हवं. बाटलीतलं ५ मिलिग्रॅम प्रति मिलीचं द्रावण वापरत असाल तर ०.५ मिलीत सलाइन मिसळायचं, साधं किंवा उकळलेलं पाणी नाही. साध्या पाण्याची वाफ श्वासनलिका आणखी आवळू शकते. इप्राट्रोपियम (श्वासनळ्या उघडणारं आणखी एक औषध) असेल तर मास्क डोळ्यांकडे गळू देऊ नका, काचबिंदू असलेल्यांनी विशेष. जमत असेल तर मास्कऐवजी तोंडात धरायची नळी चांगली. कप दर वेळी धुऊन वाळवा; तसाच ठेवलेला ओला कप म्हणजे जंतूंची वाफ.

उपकरण ठीक, तंत्र ठीक, तरीही?

मग पंपच चुकीचा नाही ना ते बघा. सालब्युटामॉल ५ मिनिटांत लागू पडतं आणि ४-६ तास टिकतं. फॉर्मोटेरॉलही असंच झटपट, पण टिकतं १२ तास. सॅल्मेटेरॉलला १५-२० मिनिटं लागतात, त्यामुळे त्याचा पंप धाप लागल्यावर घेऊन उपयोग नाही. नुसत्या स्टेरॉइडचा तर तासाभरातही फरक कळणार नाही. तो रोज, बरं वाटत असतानाही घ्यायचा. पंपाच्या रंगावर विसंबू नका, पट्टी चिकटवून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: 'रोजचा', 'धाप लागल्यावर'.

आणि मोजा. २०० पफचा सालब्युटामॉल महिन्यात संपला तर दिवसाला सहा-सात पफ झाले. वर्षाला तीन किंवा जास्त डबे लागणं म्हणजे दमा ताब्यात नाही आणि मोठ्या झटक्याचा धोका वाढलाय. नुसत्या सालब्युटामॉलवर दमा काढणं २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांनी मोठ्यांसाठी आणि किशोरांसाठी बंद केलंय, कारण ते नळ्या तेवढ्या उघडतं, आतली सूज तशीच राहते. मेडिकलमधून डबा आणून वर्षानुवर्षं काढणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलायला हवं.

घरी पीक फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजणारं साधन) असेल तर पंपाआधी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा, घेतल्यावर १५-२० मिनिटांनी पुन्हा. नुसत्या पंपाने आकडा हलला नाही आणि स्पेसर लावून हलला, तर अडचण तंत्रात होती. कशानेच हलत नसेल तर डॉक्टरांना ते आकडे दाखवा. जाताना पिशवीत पंप, स्पेसर, रोटाहेलर, कॅप्सूलची डबी सगळं न्या, आणि नेहमी घेता तसं त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा.